मोडणारे हात, लावणारे हात

वसंत आला की घरात बसवत नाही, ही तक्रार काही आजची नाही. माघ सरता सरता सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले उघडतात, फाल्गुनात पळस पेटतो, पांगारा त्याला साथ देतो आणि चैत्र लागेतो करवंदीच्या जाळ्या फुलांनी पांढऱ्या झालेल्या असतात. अशा दिवसांत चार घरांनी मिळून रानात जावे, तिथेच जेवावे-खेळावे आणि उन्हे कलल्यावर परतावे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला मात्र या लेखात तिचा हिशेब मांडायचा आहे. रानात गेलेला माणूस येताना तिथून काय घेऊन आला आणि तिथे काय ठेवून आला, एवढाच तो हिशेब.

सुरुवात वात्स्यायनापासून करावी लागते. ‘कामसूत्रा’चे नाव घेतले की आपण उगाच इकडेतिकडे पाहतो; पण त्यातले नागरकाच्या दिनचर्येचे प्रकरण म्हणजे प्राचीन शहरी जीवनाचा मोठा दस्तऐवज आहे. त्यात उद्यानयात्रेचे वर्णन येते. नटूनथटून, घोड्यांवर बसून मंडळी सकाळी नगराबाहेरच्या उपवनात जातात, दिवसभर मौज करतात आणि संध्याकाळी परतताना त्या उपवनाच्या उपभोगाची काहीतरी खूण अंगावर मिरवत येतात. याच प्रकरणात सामुदायिक खेळांची यादी आहे. सहकारभंजिका, दमनभंजिका, अशोकोत्तंसिका, पुष्पावचायिका, चूतलतिका, एकशाल्मली, होलाका! नावे नुसती वाचली तरी वसंत डोळ्यांपुढे उभा राहतो. पण शब्दांकडे नीट पाहावे. भंजिका म्हणजे मोडणे, अवचय म्हणजे खुडणे, उत्तंस म्हणजे कानात वा केसांत खोवणे. शिल्पातली शालभंजिका आपण सौंदर्याची मूर्ती म्हणून पाहतो. तिचे नावसुद्धा फुललेल्या शालवृक्षाची डहाळी मोडण्याच्या खेळावरून आलेले आहे. आपली सर्वांत जुनी वसंत-सहल ही अशी मोडण्याची सहल होती.

या यादीतल्या एकशाल्मलीने मला बराच काळ नादी लावले आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास यशोधराने ‘जयमंगला’ टीकेत या खेळाचा अर्थ सांगितला. फुलांनी लगडलेली एकच मोठी सावर गाठायची आणि सगळ्यांनी तिच्याच फुलांचे दागिने करून खेळायचे. हा खेळ कुठला, तर विदर्भातल्या लोकांचा, असेही तो म्हणतो. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीशी नाव जोडलेली ही एक जुनी वसंतक्रीडा एका झाडाभोवतीची आहे. पुढे काय झाले पाहा. कोकणात आणि घाटमाथ्यावर कित्येक गावांत होळीसाठी उभी सावर तोडून वाजतगाजत आणली जाते. कुठे आंबा, कुठे पोफळ, कुठे सुरमाड आणतात. पण सावरीचा मान मोठा. ज्या झाडाभोवती खेळायचे ते झाडच उचलून गावात आणले गेले. एका गावाने वर्षाला एक सावर नेली तर रानाला ती जाणवत नसे. रान आक्रसले, गावाच्या वाड्या झाल्या, वाडीगणिक होळी झाली, तेव्हा तोच मान झाडाच्या मुळावर आला. मागच्या वर्षीच्या सावरीच्या जागी नवी सावर लावावी, असे कुणी सांगून ठेवलेले नव्हते.

दमनभंजिकेची गोष्ट नेमकी उलट झाली. दमनक म्हणजे आपला दवणा. चैत्रात देवाला दवणा वाहण्याचा विधी धर्मग्रंथांनी सांगितला आणि लोकांनी तो उचलून धरला. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या चैत्री यात्रेत गुलालाइतकाच दवण्याचा मान असतो. सासनकाठ्यांबरोबर जाणाऱ्या आपल्या बेळगावकडच्या भाविकांना हे सांगायला नको. एवढा दवणा दर चैत्रात खुडला जातो, तरी तो संपला नाही. कारण उघड आहे. मागणी होती म्हणून शेतकऱ्याने तो पेरला. सावर कुणी पेरली नाही. ती रानातली, म्हणून फुकटची. लावणारा हात दवण्याला मिळाला, सावरीला मिळाला नाही.

आपल्या पूर्वजांनी नुसतेच मोडले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मोडण्याला दिवस ठरवून देणे ही फार शहाणी युक्ती काही समाजांनी फार पूर्वी शोधली. छोटा नागपुरात मुंडा, उरांव, हो हे आदिवासी समाज चैत्रात सरहूल साजरा करतात. गावाच्या सरना नावाच्या राखीव शालवनात पुजारी शालफुलांची पूजा करतो आणि ती होईपर्यंत नव्या हंगामाची फुले-फळे वापरायची नाहीत, असा दंडक असतो. आपल्या गडचिरोलीत आणि पलीकडे बस्तरात गोंड-माडिया समाजाचे पंडुम असतात. मरका पंडुम हा त्यातला आंब्याचा सण. पंडुम झाल्याशिवाय नवे फळ तोंडात घालायचे नाही. याला कुणी भोळी श्रद्धा म्हणेल. मला त्यात बियाण्याची काळजी दिसते. कोवळे फळ तोडले तर त्यातली कोय रुजत नाही. पिकू दिले तर खाणाऱ्याचे पोट भरते आणि रानालाही वाटा मिळतो. सणाची तिथी ही एक प्रकारे झाडाला दिलेली मुदत होती.

सह्याद्रीत ही शिस्त देवराईच्या रूपाने आली. कुठे देवराई, कुठे राय, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी, कोडगूत देवरकाडू. नावे निराळी, नियम बहुधा एकच. देवाच्या जागेतले झाड तोडायचे नाही. काही ठिकाणी तर वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. गरज पडलीच तर देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा, आणि देवाने दिले तरच कुऱ्हाड चालवायची. वर्षातून एकदा जत्रेला सारा गाव त्या झाडांखाली जमायचा, जेवायचा, नाचायचा आणि रिकाम्या हातांनी परत यायचा. वात्स्यायनाचा नागरक उपभोगाची खूण घेऊन परततो. आपला गावकरी प्रसाद घेऊन परततो. दोन्ही आनंदयात्राच, पण दुसरीत पुढच्या वर्षी याच झाडांखाली यायचे आहे ही जाणीव आहे.

या व्यवस्थेची एक जुनी नोंद आपल्या शेजारच्याच मुलखातली आहे. टिपूच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्लीने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबार प्रांतांची पाहणी करायला पाठवले. १८०१ मध्ये तो उत्तर कानड्यात आला. तिथली जंगले गावदेवांच्या मालकीची समजली जातात, झाड तोडायचे तर गावच्या गौडाची परवानगी लागते आणि हा गौडच देवाचा पुजारी असतो, असे त्याने लिहून ठेवले. परवानगीबद्दल देव काही घेत नाही. मात्र न विचारता तोडले तर त्याचा कोप होतो, असेही तो नोंदवतो. आणि पुढे त्याने आपला निष्कर्ष दिला, की सरकारने या जंगलावर मालकी सांगू नये म्हणून लोकांनी काढलेली ही पळवाट दिसते! साहेबाच्या नजरेला देव ही सबब वाटली. पण नकळत त्याने मर्म पकडले होते. जंगल कुणाचे, हा प्रश्न त्याने विचारला आणि पुढची दीडशे वर्षे सरकारने त्याचे उत्तर आपल्या बाजूने दिले.

१८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. गिब्सन आणि डॅल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ चा. आपल्या भागातल्या वनस्पतींचा अभ्यास त्याला वगळून होत नाही. ही माणसे झाडांची वैरी नव्हती. जंगल गेले की झरे आटतात, हे गिब्सन सरकारला सांगत होते. पण १८६५ च्या आणि त्याहून कडक अशा १८७८ च्या वनकायद्याने जंगल लोकांच्या हातून सरकारच्या हाती गेले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग १८७८ च्या कायद्यात होते. त्यातला तिसरा बहुतेक कागदावरच राहिला. काल ज्या रानात गाव जत्रेला जात होता, तिथे आज लाकडाची मोळी बांधणारा गुन्हेगार ठरला. ‘आपले रान’ हा शब्द मागे पडून ‘फॉरेस्ट’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्येही रुळला. ज्याची मालकी त्याची राखण, असे म्हणून लोकांनी अंग काढून घेतले. १९३० साली जंगल सत्याग्रहात हजारो माणसे गवत आणि फांद्या कापायला रानात शिरली, २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला, माणसे मेली. फांदी मोडणे हा त्या दिवशी खेळ नव्हता. हे रान आमचे आहे, हे सांगण्याची ती एकच भाषा लोकांपाशी उरली होती.

स्वातंत्र्यानंतर लावण्याचे दिवस आले. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. कल्पना सुंदर, नावही सुंदर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेची मुले रांगेने जाऊन खड्ड्यात रोप ठेवीत, टाळ्या होत, आणि दुसऱ्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप लागे. पुढे सामाजिक वनीकरण आले आणि त्याबरोबर निलगिरी आली, ऑस्ट्रेलियन अकेशिया आली. गुरे खात नाहीत, भराभर वाढतात, कागदाच्या आणि कृत्रिम धाग्याच्या गिरण्यांना लगदा मिळतो. सरकारी हिशेबाला ही झाडे फार सोयीची. त्यांच्या सावलीत गवत धड वाढत नाही, गावच्या गाईला आणि रानच्या पाखराला त्यांचा उपयोग थोडा. बेळगावहून कुठल्याही दिशेने निघा, या रांगा दिसतात. लांबून हिरवे दिसते. आत गेले की शांतता असते.

याच हिरवेपणाला पहिला मोठा विरोध आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी केला, ही गोष्ट मराठी वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातल्या सळकणीच्या गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली. ‘अप्पिको’ म्हणजे मिठी मार. हिमालयातल्या चिपकोची ही कानडी बहीण. ‘उळिसु, बेळेसु, बळसु’ अशी तिची त्रिसूत्री होती. राखा, वाढवा आणि मग जपून वापरा. दुसरी घटना चार वर्षांनंतरची. १९८४ मध्ये राज्य सरकार आणि एक खासगी उद्योग यांनी मिळून लगद्याच्या लाकडासाठी एक कंपनी काढली आणि तिला सुमारे तीस हजार हेक्टर सामायिक जमीन निलगिरी लावायला देण्याचे ठरले. ही जमीन कागदोपत्री पडीक. प्रत्यक्षात तिथे गावची गुरे चरत होती, जळण मिळत होते. समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने लोकांना एकत्र केले, ज्येष्ठ कादंबरीकार शिवराम कारंत अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड, आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या कुसनूर गावी लोक जमले. त्यांनी निलगिरीची शंभरेक रोपे उपटली आणि त्या जागी फळे, चारा देणारी झाडे लावली. सत्याग्रहाचे नाव ‘कित्तिको-हच्चिको’. आपल्याकडच्या दुभाषी घरांत याचा अर्थ सांगावा लागणार नाही; इतरांसाठी सांगतो, उपटा आणि लावा. १९९१ मध्ये ती कंपनी गुंडाळण्याचा निर्णय झाला.

मोडणारे आणि लावणारे हात कुसनूरला पहिल्यांदा एकाच माणसाचे झाले, असे मला वाटते. काय काढायचे आणि काय लावायचे हे ठरवणारा तिथे गाव होता. वनमहोत्सवात रोप वरून येते. कुसनूरला निवड खालून आली. रान पुन्हा उभे करणे म्हणजे रोपांची संख्या भरणे नव्हे, हे तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या विद्वानांच्या आधी ओळखले.

आज सह्याद्रीत ठिकठिकाणी जी निसर्गप्रेमी मंडळे वसंतात रानात जातात, त्यांच्याकडे मी याच नजरेने पाहतो. अशा मंडळींबरोबर मीही खानापूर तालुक्यात चैत्र-वैशाखात हिंडलो आहे. झाडे लावायची पावसाळ्यात, मग उन्हात कशाला जायचे, असे लोक विचारतात. उत्तर बियाण्यात आहे. हिरडा, बेहडा, बिब्बा थंडीच्या शेवटी आणि उन्हाच्या सुरुवातीला पिकतात. त्यानंतर ऐन-किंजळीची पंखवाली फळे आणि करंजाच्या शेंगा. सावरीची बोंडे चैत्र-वैशाखात तडकतात. ती फुटण्याआधी काढली नाहीत तर कापसाबरोबर बी वाऱ्यावर जाते. पळसाच्या पापड्या त्याच सुमारास, आणि जांभूळ, कुंभा पाऊस तोंडावर आला की. करंजाचे बी काही महिने टिकते, पण जांभळाचे बी दोन-तीन आठवड्यांतच निकामी होऊ लागते. ते ताजेच मातीत गेले पाहिजे. आषाढात ज्याला देशी रोप लावायचे आहे, त्याने वसंतात रानात जाऊन आईझाड ओळखून ठेवायला हवे, आणि तिथले सगळे बी न उचलता पाखरांचा, खारींचा वाटा खाली सोडायला हवा. झाडाखाली बसून शेंगा वेचताना जो गप्पांचा फड जमतो, तो उद्यानयात्रेहून कमी रंगतदार नसतो. फक्त तिथे चूल पेटवायची नाही. त्या दिवसांत गवत वाळलेले असते. एका ठिणगीने डोंगर जातो.

यात दोन पथ्ये आहेत. सगळ्या मोकळ्या जागा झाडांसाठी नसतात. कातळाचे सडे आणि पठारावरची गवताळ माळराने ही स्वतंत्र घरे आहेत. पावसाच्या शेवटी तिथे जी इवली फुले येतात ती झाडाच्या सावलीत जगत नाहीत. साताऱ्याच्या कास पठारासह पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे २०१२ साली जागतिक वारशात गेली, आणि तिथे फुले पाहायला एवढी माणसे लोटली की त्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. प्रेमानेही तुडवले जाते. दुसरे पथ्य उपटण्याचे. बाहेरून आलेल्या एका झुडपाला आपल्या लोकांनी रानमोडी असे नाव दिले आहे. रान मोडणारी ती रानमोडी! ती आणि घाणेरी जिथे माजतात तिथे देशी रोपाला उजेड मिळत नाही. रानमोडी फुलून बी धरायच्या आत, जमीन ओलसर असताना उपटावी लागते. म्हणजे हे काम दिवाळीच्या आसपासचे. लावण्याची तयारी वसंतात, उपटण्याची शरदात. कुसनूरचा सत्याग्रहही नोव्हेंबरातलाच होता.

आणि देवरायांचे काय? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचे मोल विद्वानांना कळले. सत्तरी तालुक्यातल्या बांबरची निरंकाराची राय हे त्याचे ठळक उदाहरण. रानजायफळीची झाडे दलदलीतून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी आहेत. असे रान आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे, आणि ते तिथे टिकले ते देवाच्या नावाने. पण इतरत्र देवाचेच नाव पुढे करून राई जाते. जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून झाडे विकली जातात. कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचा सभामंडप, त्यापुढे फरशीचे आवार आणि गाड्यांना जागा. देव मोठा होतो आणि त्याची राई लहान होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांना, म्हणजे तिथल्या देवरायांना, मोजून-नोंदवून जंगलाचे संरक्षण देण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या देवरायांसाठी धोरण करण्याची शिफारस केली. चांगले झाले. पण कागदावरच्या राखीव रानाचे काय होते, हे गेल्या दीडशे वर्षांनी आपल्याला शिकवले आहे. वर्षातून एकदा गाव तिथे जात राहिला तरच त्या कागदाला अर्थ येईल.

सीमेवरच्या आपल्या जीवनात पाटीवरचे अक्षर, शाळेतले माध्यम, सातबाऱ्याची भाषा यांवर आपण पुष्कळ भांडलो आहोत. त्यातली काही भांडणे न्यायाची आहेत आणि ती सुटलेली नाहीत. पण म्हादई खानापूरच्या रानात उगवते आणि गोव्यात समुद्राला मिळते. २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडाच्या जंगलाला तीन राज्यांचे वारे लागतात. ऐन झाडाला आपण ऐन म्हणतो, शेजारी मत्ति म्हणतो, बी एकच. अप्पिको आणि कित्तिको हे शब्द त्या शेजाऱ्याने आपल्याला न मागता दिले आहेत. दवणा आणि कौल हे आपणही त्याला देऊ शकतो.

दिवाळी झाली की चार महिन्यांत फाल्गुन येईल. आपल्या गावच्या होळीला सावर कुठून येते ते या वर्षी विचारून घ्यावे. तिचे बी चैत्रात गोळा करावे, वैशाखात पिशव्यांत रुजवावे, आणि पाऊस लागला की ज्या जागेवरून झाड आणले तिथेच एकाऐवजी चार रोपे नेऊन लावावीत. मुले बरोबर असावीत. पुढच्या वसंतात ती रोपे जगली का हे पाहायला त्याच मुलांना पुन्हा न्यावे, आणि जेवणाचे डबे तिथेच उघडावेत.